बेळगावात सलोख्याचं काम करायचंय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न विचारणारी ताई शहापूरची, पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या गणपतीत गल्लीच्या तोंडाशी डीजेवरून बाचाबाची झाली. समोरची मुस्लीम मुलं तिच्याच शाळेतली. तेव्हापासून दोन्हीकडे बोलणं बंद. तिला काहीतरी करायचंय, मेणबत्त्या लावून फोटो काढण्यापलीकडचं. कन्नड जेमतेम येतं, घरचे म्हणतात ‘नसती भानगड’. वर आणखी एक शंका आहे: बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून १ नोव्हेंबरला निघते त्या काळ्या दिनाच्या फेरीला मी जाते, मग कन्नड संघटनेच्या माणसांबरोबर बसले तर आपली माणसं काय म्हणतील?

मी इथल्या कोर्टात वकिली करतो आणि या कामात बरीच वर्षं आहे. शेवटच्या शंकेकडे शेवटी येतो, कारण सीमाभागात खरी अडचण तीच आहे.

सर्वधर्म परिषदेपासून सुरुवात करू नका. व्यासपीठावर एक स्वामीजी, एक मौलाना, एक फादर, एक भन्तेजी, शाली, हार, आभारप्रदर्शन. कार्यक्रम वाईट नसतो, मीही असे भरवलेत. पण समोर बसलेल्यांना ते सगळं आधीच पटलेलं असतं. ज्या पोरांची जुंपली ती तिथे फिरकतही नाहीत.

सुरुवात करा ती दोन्हीकडच्यांना सारखाच छळणाऱ्या एखाद्या प्रश्नापासून. आमच्या भागात मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न म्हणजे मयताच्या जागेचा. खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या गावांत बघा. मुसलमान दफन करतात, ख्रिस्ती दफन करतात, लिंगायत दफन करतात, दलित वस्तीतही पुष्कळ ठिकाणी दफनच होतं. मराठे, ब्राह्मण, जैन दहन करतात. एका गावात चार-पाच समाजांना जागा लागते, आणि जागा असली तरी वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिरडी काय आणि जनाजा काय, दोन्ही काठावर अडकतात. यावरून भांडणं होतात आणि त्यांना लगेच धर्माचा रंग चढतो. खरं दुखणं सर्व्हे नंबराचं असतं.

आता यात करायचं काय? आधी पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढा. जागा सरकारी, गायरान की खासगी, ते कळल्याशिवाय एक शब्द बोलू नका. कागदावर स्मशानाची नोंद आहे आणि प्रत्यक्षात तिथे ऊस उभा आहे, असंही सापडतं. मग ग्रामसभेत विषय घ्यायला पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) लेखी द्या, ठरावाची नक्कल घ्या, तहसीलदारांकडे अर्ज करा. ज्या गावांना स्मशानजागा नाही तिथे सरकारने ती द्यावी, असा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे, त्याचा उल्लेख अर्जात जरूर करा. माहिती अधिकारात विचारायचं तर कर्नाटकचा नियम ध्यानात ठेवा: एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. कुणाचा तरी लांबलचक नमुना उतरवून दिलात तर तो परत येतो.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात मशिदीची जमात आणि दलित वस्ती, दोघंही बरीच वर्षं वेगवेगळे अर्ज देत होते. दोघांनाही एकच उत्तर मिळायचं, मोजणी झाल्यावर बघू. आम्ही फक्त एवढंच केलं की दोघांना एका ओसरीवर बसवून एकच अर्ज लिहिला. खाली दोन्हीकडच्या सह्या आणि अंगठे. पुढे मोजणीदार आला तेव्हा साखळीचं एक टोक जमातीच्या माणसाच्या हातात होतं आणि दुसरं वस्तीतल्या पंचाच्या. जागा सगळी मिळाली नाही, निम्मी मिळाली. पण त्यानंतर झेंड्यावरून कुरबूर झाली तेव्हा ती पोलिसांपर्यंत गेली नाही. दोन्ही पंचांकडे एकमेकांचे नंबर होते आणि फोन उचलला जाईल अशी ओळख होती. मी न्यायाचं काम आणि शांततेचं काम वेगळं धरत नाही, त्याला कारण हे असे अनुभव.

शहरात स्मशानाचा प्रश्न नसेल तर दुसरा शोधा. गटार, नळाला आठ-आठ दिवसांनी येणारं पाणी, रेशन कार्डातली नावं, विडी कामगार बायकांची ओळखपत्रं. निपाणी भागात विडी आणि तंबाखूच्या कामात सगळ्या जातिधर्मांच्या बायका एका पत्र्याखाली बसतात. त्यांच्या मजुरीच्या लढ्यात जी मैत्री झाली ती कुठल्याच परिषदेत झाली नसती. चिकोडी-अथणीकडे देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या बायकांच्या पेन्शनचं आणि मुलांच्या दाखल्यांचं काम आहे. ती प्रथा बंद करणारा कायदा कर्नाटकाने १९८२ मध्येच केला. कागदपत्रांची कामं अजून संपलेली नाहीत. तुम्ही पतसंस्थेत आहात, म्हणजे फॉर्म भरणं हातचा मळ. या कामात भाषण करणारे भरपूर मिळतात, फॉर्म नीट भरणारा माणूस मिळत नाही.

वारशाबद्दल थोडं. बेळगावच्या किल्ल्यात एकदा सावकाश फिरा. रट्ट राजांच्या काळातलं कमल बस्ती हे जैन मंदिर, सफा मशीद, दुर्गेचं देऊळ आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम, सगळं एका तटबंदीच्या आत. निपाणीचा उरूस बघा. पीर दस्तगीरांचा तो दर्गा उभा केला संत बाबामहाराज चव्हाण यांनी, आणि उरसाचा मान आजही चव्हाण घराण्याचा. सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर नावाचं गाव आहे. तिथे मुसलमानाचं घर नाही, तरी गाव मोहरम करतं. हावेरी जिल्ह्यातले शिशुनाळ शरीफ साहेब मुसलमान, त्यांचे गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण, आणि त्यांची कन्नड पदं आजही गावोगावी भजनात गायली जातात. हे सगळं मुलांना दाखवा. पण त्यावर विसंबू नका. पंज्यांपुढे पिढ्यान्‌पिढ्या उदबत्ती लावणाऱ्या गावातही एका व्हॉट्सॲप स्टेटसवरून दगड उचललेले मी पाहिले आहेत. आजोबांचा सलोखा नातवाला आयता मिळत नाही.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तुम्ही रोज येता-जाता पाहत असाल. डिसेंबर १९२४ मध्ये ज्या अधिवेशनासाठी ती खोदली, ते गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन. त्याच्या थोडं आधी, सप्टेंबरात, हिंदू-मुस्लीम दंग्यांमुळे व्यथित होऊन त्यांनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपास केला होता. अंगात पुरती ताकद आली नसेल तोच ते इथे आले आणि हिंदू-मुस्लीम एकी, अस्पृश्यता, चरखा हेच विषय लावून धरले. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. आपल्याकडे पहिल्याची शताब्दी वाजतगाजत झाली. दुसरीचं नाव निपाणीबाहेर फारसं कुणी घेत नाही. सलोख्यावर बोलणारे पुष्कळदा हक्काचा विषय निघाला की घड्याळ बघतात, त्याची ही जुनी खूण म्हणा हवं तर.

आता शांतता समिती. गणपती, मिलाद, बकरी ईद, शिवजयंती, राज्योत्सव यांच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक होते. तिच्यावर टीका पुष्कळ होते आणि ती बरीचशी खरी आहे. तेच चेहरे, तीच भाषणं, चहा-बिस्किटं, बायका जवळजवळ नाहीतच. तरीही जा. मंडळाच्या अध्यक्षांना सांगा, आमच्या गल्लीकडून मी येते. तिथे गेल्यावर एकतेवर बोलू नका, तपशिलावर बोला. मिरवणूक मशिदीच्या तोंडाशी किती वाजता येणार? त्या वेळी नमाज आहे का? तिथे डीजे बंद ठेवायचा की नुसता आवाज कमी करायचा? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम सगळ्यांनाच आहे, मग दहाला प्लग काढणार कोण, त्याचं नाव काय? दोन्हीकडचे स्वयंसेवक मिळून कोपऱ्यावर उभे राहणार का? जे ठरेल ते कागदावर घेऊन सह्या घ्या. चव्हाट गल्ली, खडक गल्ली, दरबार गल्ली हे सगळं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे दहा मिनिटांचा फरक म्हणजे पुष्कळ झाला.

आणि दिनदर्शिका घेऊन बसा. हिजरी वर्ष दरसाल साधारण अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे कोणता सण कोणत्या सणावर येणार हे कितीतरी आधी कळतं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. तेव्हा बेळगावातल्या मुस्लीम मंडळींनी मिलादची मिरवणूक पुढे नेली. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. माझं म्हणणं एवढंच, की दरवेळी एकाच बाजूने पुढे-मागे व्हायचं हे फार दिवस चालत नाही. त्या दिवशी आपण काय दिलं, हे आपल्या मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवं. ते विचारणारी माणूस तुम्ही व्हा. लोकांना आवडणार नाही, पण मंडळातल्याच मुलीने विचारलेलं ऐकून घेतात, बाहेरच्याने सांगितलेलं नाही.

सीमाभागाची गुंतागुंत इथून सुरू होते. पुण्या-मुंबईचे कार्यकर्ते येतात आणि त्यांना फक्त हिंदू-मुस्लीम दिसतं. इथे प्रत्येक माणसावर दोन-तीन शिक्के आहेत. मराठी बोलणारा मुसलमान, घरात दख्खनी आणि बाजारात कन्नड बोलणारा मुसलमान, कोंकणी कॅथलिक, मराठीत उपासना करणारा प्रोटेस्टंट, घरात कन्नड आणि शेतात मराठी बोलणारा जैन. एका भांडणात जे एका बाजूला असतात तेच दुसऱ्या भांडणात समोरासमोर येतात. डिसेंबर २०२१ आठवा. बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि लगोलग इथे अनगोळात, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. इथे कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू, शहरात जमावबंदी. त्याच अधिवेशनात इथल्या सुवर्ण विधानसौधात धर्मांतरबंदीचं विधेयक आलं, त्यामुळे ख्रिस्ती वस्त्यांत वेगळीच भीती. त्या आठवड्यात धर्माचं आणि भाषेचं असं वेगळं काम करताच येत नव्हतं. ज्याचे फोन तिन्ही-चारही बाजूंना लागत होते तोच उपयोगाचा होता.

रायण्णांना २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिली ती नंदगडला. त्यांची समाधीही तिथेच आहे, मराठी बोलणाऱ्या खानापूर तालुक्यात. नंदगडची मराठी घरं त्या समाधीपुढे हात जोडतात. हे बेंगळुरूतल्या टीव्हीवाल्यांनाही माहीत नसतं आणि कोल्हापूरच्यांनाही.

म्हणून कन्नड शिका. साहित्यिक नको, कामापुरतं. ‘बर्री, कुंद्री’ (या, बसा) एवढं सहज तोंडात आलं तरी समोरचा सैल होतो. ठाण्यातला अर्ज, तहसील कचेरीतली नोटीस, ग्रामसभेचा ठराव, सगळं कन्नडमध्ये असतं. ते वाचता आलं नाही तर तुम्ही दुसऱ्याच्या भरवशावर राहता. कन्नड शिकल्याने मराठीपण कमी होत नाही. आपल्या सीमालढ्यातले जुने जाणते कार्यकर्ते कन्नड फाडफाड बोलत.

अफवेच्या रात्री काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. समोरच्या समाजातले दोघे आणि आपल्यातले दोघे, रात्री बारालाही फोन उचलतील असे. मेसेज आला की पुढे पाठवायचा नाही, ‘हे खोटं आहे’ असं लिहूनसुद्धा नाही. आधी जागेवर माणूस पाठवून खात्री करा, मग ठाण्याला फोन करा, नाहीतर ११२. स्क्रीनशॉटवर तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसायला हवा. भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर पसरवण्याला कलम १९६, धर्मभावना जाणूनबुजून दुखावण्याला २९९ आणि अशा अफवांना ३५३ लागतं. तक्रार लिहिताना कलमं न घालता घडलं ते सरळ लिहा, कलमं ठाणं लावील. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर पोलीस आयुक्तांना किंवा जिल्हा पोलीसप्रमुखांना लेखी, पोस्टाने. जमावाच्या हिंसेबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तो कोण, हे शांत दिवसांत विचारून ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, नंबर १५१००. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही.

जुलै २०२५ मध्ये सौंदत्ती तालुक्यातल्या हुलिकट्टीत सरकारी शाळेच्या पाण्याच्या टाकीत विषारी औषध मिसळलं गेलं आणि मुलं आजारी पडली. सुदैवाने वाचली. पोलिसांनी तिघांना अटक केली. बरीच वर्षं तिथे असलेल्या मुस्लीम मुख्याध्यापकांची बदली व्हावी म्हणून हे केलं, असा आरोप आहे. मला त्यात महत्त्वाची वाटते ती तपासातली एक गोष्ट. धागा एका शाळकरी मुलाने सांगितलेल्या हकिगतीवरून लागला. मुलं खरं सांगतील असं वातावरण शाळेत असणं, हे कुठल्याही समितीपेक्षा मोठं.

पैशाबद्दल थोडक्यात. पक्षाचा घेऊ नका, निवडणुकीच्या आधी तर चहाचाही नको. वर्गणीची वही ठेवा. संस्था लगेच नोंदवायची गरज नाही. पुढे वाटलंच तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० आहे, सात माणसं लागतात. आधी सात माणसं भांडण न करता वर्षभर टिकतात का ते बघा.

घरच्यांची भीती खोटी म्हणू नका. कॉ. पानसरेंवर कोल्हापुरात फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, डॉ. कलबुर्गींवर त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात. दोन्ही शहरं आपल्यापासून दोन-अडीच तासांच्या आत. एकटीने फेसबुकवर शूर होऊ नका. कुठे जाताय ते घरी सांगून जा, सोबत कुणीतरी हवं, आणि आंतरधर्मीय लग्नाच्या प्रकरणात तर वकिलाशिवाय पाऊलही टाकू नका. तिथे चांगल्या मनाने केलेली मध्यस्थीही त्या जोडप्याच्या जिवावर बेतू शकते. आईला एकदा एखाद्या बैठकीला घेऊन जा. बायकांचा विरोध बहुधा न पाहिलेल्या गोष्टीला असतो.

आता तुमची शेवटची शंका. काळ्या दिनाला जावं का? जा. १ नोव्हेंबरची फेरी १९५६ पासूनची दुखरी जागा आहे, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माणसं गेली आहेत, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. हे लपवून कुणाशी मैत्री करायला गेलात तर ती टिकणार नाही. माझे कन्नड मित्र जाणतात की मी त्या दिवशी कुठे असतो आणि मीही जाणतो की ते संध्याकाळी कर्नाटक राज्योत्सवाला चन्नम्मा सर्कलला असतात. २ नोव्हेंबरला आम्ही बोलतो. काही जण बोलत नाहीत, तेही खरं. आपल्यातले काही जण मला ‘त्यांचा’ म्हणाले, त्यांच्यातले काही जण माझ्या मित्राला ‘मराठ्यांचा’. दोघांनाही त्याची सवय झाली.

पण फेरीत जी मागणी आपण करतो ती दुसऱ्याच्या तोंडी आली की तितकीच पटते का, ते तपासा. राज्यघटनेचं कलम ३५० अ मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे. आपण ते मराठी शाळांसाठी सांगतो. पण कर्नाटकात उर्दू शाळाही भाषिक अल्पसंख्याकांच्याच. दोन्हीकडे दुखणं एकच: शिक्षकांच्या रिकाम्या जागा, उशिरा येणारी पुस्तकं, कमी होणारी पटसंख्या. मराठीवाल्यांचं निवेदन वेगळं जातं, उर्दूवाल्यांचं वेगळं, आणि दोन्ही एकाच टेबलावर पडून राहतात.

तुमच्या भागातल्या मराठी शाळेच्या आणि उर्दू शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या पालक समितीवर, कोण पालक आहेत, त्यांची नावं या महिन्यात काढा. दोन्ही शाळांत किती जागा रिकाम्या आहेत ते मुख्याध्यापकांना विचारा. दोन्ही समित्यांच्या सह्यांनी बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) नावे एकच अर्ज करा आणि द्यायला दोन्हीकडच्या आया मिळून जा. अर्ज कन्नडमध्ये लागेल. तो लिहून देणारा माणूस मी गाठून देतो. गृहस्थ कन्नड संघटनेतलेच आहेत, संध्याकाळी सहानंतर मोकळे असतात.